ब्रिटिश आरमाराची पहिली विमाने आणि ती उडवणारी माणसे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्या महायुद्धातील विमाने म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर फ्रान्सचे आकाश येते. लाल रंगाची तीन पंखी विमाने, खंदकांवरच्या चकमकी. त्याच काळात ब्रिटनच्या आरमाराकडे स्वतःचे वेगळे हवाई दल होते आणि त्याचे युद्ध मुख्यतः पाण्यावर चालले होते, याची कल्पना फार थोड्यांना असते. या विषयावर लिहू-बोलू लागल्यापासून तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत. ती लांबण्याजोगीच आहेत.

आरमाराचे हवाई दल म्हणजे नक्की काय? ते रॉयल एअर फोर्सचाच भाग होते का?

नाही. रॉयल एअर फोर्सचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. १९१२ मध्ये रॉयल फ्लाइंग कोअर स्थापन झाले तेव्हा त्याच्या दोन शाखा होत्या, एक लष्कराची आणि एक आरमाराची. आरमाराला हा संसार मान्य नव्हता. त्यांनी आपली शाखा हळूहळू वेगळी काढली आणि १ जुलै १९१४ रोजी, युद्धाला महिनाभर उरला असताना, ती अधिकृतपणे ‘रॉयल नेव्हल एअर सर्व्हिस’ झाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला आरएनएएस म्हणतात. पुढे तेच नाव वापरतो. त्या वेळी आरमारी खात्याचे मंत्री होते विन्स्टन चर्चिल. त्यांना विमानांचे विलक्षण वेड होते आणि या दलाला पैसा व मोकळीक मिळाली ती बरीचशी त्यांच्यामुळे.

हुद्देसुद्धा वेगळे होते. फ्लाइट सब-लेफ्टनंट, फ्लाइट लेफ्टनंट, फ्लाइट कमांडर, स्क्वॉड्रन कमांडर अशी चढती रांग. गणवेश आरमाराचाच, पण त्यावर गरुडाची खूण.

सीप्लेन आणि फ्लाइंग बोट यांत फरक काय?

सीप्लेन म्हणजे साधारण विमानाला चाकांच्या जागी फ्लोट, म्हणजे तरंगणारे पोकळ पेटारे बसवलेले. विमानाचे धड पाण्याच्या वर राहते. फ्लाइंग बोटीत धड हीच होडी असते आणि ती थेट पाण्यात बसते. शॉर्ट १८४ हे पहिल्या प्रकारातले, फेलिक्सस्टो एफ.२ए दुसऱ्या प्रकारातले. समुद्र खवळलेला असेल तेव्हा होडीचे धड जास्त टिकाव धरते, म्हणून लांबच्या गस्तीसाठी पुढे फ्लाइंग बोटीच पसंत पडल्या.

शॉर्ट १८४ चे नाव सगळीकडे का येते?

कारण आरमाराच्या सीप्लेनमध्ये इतके राबलेले दुसरे विमान नाही. शॉर्ट हे आडनाव. होरेस, युस्टेस आणि ओस्वाल्ड हे तीन भाऊ. बलून बनवता बनवता विमानांकडे वळले. त्यांचा सीप्लेनचा कारखाना रोचेस्टरला, मेडवे नदीच्या काठी होता. १८४ हा आरमारी खात्याने दिलेला नमुना क्रमांक. पंखांचा पसारा ६३ फुटांहून अधिक, सुरुवातीला सनबीमचे २२५ अश्वशक्तीचे इंजिन, वेग ताशी १४० किलोमीटरच्या आसपास. अनेक कारखान्यांनी मिळून अशी नऊशेहून अधिक विमाने बांधली.

त्याचा सर्वांत मोठा गुण माझ्या मते वेगात नव्हता, घडी होणाऱ्या पंखांत होता. शॉर्ट बंधूंनी युद्धाआधीच ही युक्ती काढली होती. पंख मागे दुमडून धडाला लावले की एवढे अवाढव्य विमान जहाजावरच्या छोट्या शेडमध्ये मावत असे. ही सोय नसती तर सीप्लेन जहाजावर नेण्याची कल्पना कागदावरच राहिली असती.

जहाजावरून ती उडत कशी? डेकवर धावपट्टी होती का?

युद्धाआधी तसे प्रयोग झाले होते. चार्ल्स सॅमसन या अधिकाऱ्याने जानेवारी १९१२ मध्ये नांगरलेल्या एचएमएस आफ्रिकावरून आणि त्याच वर्षी मे महिन्यात चालत्या एचएमएस हायबर्नियावरून विमान उडवून दाखवले. पण रोजच्या कामात पद्धत वेगळी होती.

एंगाडिन, रिव्हिएरा, एम्प्रेस ही जहाजे मुळात इंग्लिश खाडीत प्रवासी वाहणाऱ्या आगबोटी. आरमाराने त्या घेतल्या, मागच्या बाजूला आधी कापडी, नंतर पक्क्या शेड उभारल्या आणि क्रेन बसवल्या. विमान उडवायचे झाले की जहाज थांबवायचे. शेडमधून विमान बाहेर काढायचे, पंख उलगडून खिळवायचे, क्रेनने अलगद पाण्यात सोडायचे, इंजिन चालू करायचे आणि मग वैमानिकाने लाटा बघून धाव घ्यायची. परत आल्यावर हाच क्रम उलटा. विमानातला माणूस वरच्या पंखावर चढून क्रेनचा आकडा अडकवायचा. जहाज डोलत असेल तर तो आकडा डोक्यावर झोके घेत असे.

यात दोन धोके होते. एक, शत्रूच्या पाणबुड्या असलेल्या समुद्रात जहाज निश्चल उभे करणे. जुनी क्रूझर हर्मीस युद्धाआधी सीप्लेनच्या प्रयोगांसाठी वापरली जात होती. ऑक्टोबर १९१४ मध्ये विमाने पोहोचवून परतताना तिला जर्मन पाणबुडीनेच बुडवले. दुसरा धोका खुद्द समुद्राचा. लाटा मोठ्या असल्या तर फ्लोट फुटत, उडालेल्या पाण्याने लाकडी पंखा तडकत असे. गंमत अशी की अगदी आरशासारखे शांत पाणीही नको असे. फ्लोट पाण्याला चिकटून बसत आणि जड विमान सुटता सुटत नसे. थोडी झुळूक आणि थोडी खळबळ, एवढेच मानवत असे. उत्तर समुद्रात असे दिवस किती मिळणार?

नाताळच्या दिवशीचा हल्ला म्हणतात तो कोणता?

२५ डिसेंबर १९१४ चा, जर्मनीतल्या कुक्सहाफेन बंदरावरचा हल्ला. जर्मनीच्या झेपेलिन या महाकाय हवाई जहाजांची तेव्हा ब्रिटनला धास्ती होती. त्यांच्या शेड कुक्सहाफेनजवळ आहेत एवढी खबर होती. एंगाडिन, रिव्हिएरा आणि एम्प्रेस या तिन्ही जहाजांनी नऊ सीप्लेन हेलिगोलँडच्या उपसागरात नेली. भल्या पहाटे कडाक्याच्या थंडीत ती पाण्यात उतरवली. दोघांची इंजिने काही केल्या साथ देईनात. सात उडाली. प्रत्येकाकडे जेमतेम नऊ-नऊ किलोचे तीन बॉम्ब.

समुद्रावर आकाश निरभ्र होते, जमिनीवर दाट धुके. शेड कुणालाच सापडल्या नाहीत. त्या नॉर्डहोल्झला, आणखी आत होत्या. बॉम्ब इकडेतिकडे पडले, नुकसान नगण्य झाले. मात्र एका विमानाने जर्मन आरमाराची नांगरलेली जहाजे वरून नीट पाहून घेतली. त्यात निरीक्षक म्हणून अर्स्किन चाइल्डर्स होते. तरुणपणी शिडाच्या होडीतून त्यांनी हाच किनारा, त्यातली वाळूची बेटे आणि अरुंद वाटा पालथ्या घातल्या होत्या. वाट दाखवायला त्यांच्याहून लायक माणूस ब्रिटनमध्ये सापडला नसता.

परतीच्या वाटेवर पेट्रोल संपत आले. तीन विमाने आपल्या जहाजांपाशी पोहोचली. तीन नॉर्डर्नाय बेटाजवळ ई-११ या ब्रिटिश पाणबुडीशेजारी उतरली. पाणबुडीचे कप्तान नॅस्मिथ माणसांना वर घेत असतानाच एक झेपेलिन डोक्यावर आले. शेवटचा माणूस आत आला, झाकण लागले आणि पाणबुडीने बुडी मारली. बॉम्ब वर फुटले. सातव्या विमानाचे वैमानिक फ्रान्सिस ह्यूलेट बेपत्ता झाले होते. त्यांना एका डच मच्छीमार बोटीने उचलले होते आणि काही दिवसांनी ते हॉलंडमार्गे सुखरूप घरी आले. एकही माणूस दगावला नाही. ब्रिटिश जहाजांवरून निघालेल्या विमानांनी शत्रूच्या किनाऱ्यावर हल्ला करण्याची ही पहिली वेळ. फलित शून्य असूनही इतिहासात त्याला जागा मिळाली ती यामुळे, आणि ती रास्त आहे.

विमानातून टॉर्पेडो मारून जहाज पहिल्यांदा कुणी उडवले?

फ्लाइट कमांडर चार्ल्स एडमंड्स यांनी, १२ ऑगस्ट १९१५ रोजी, तुर्कस्तानातल्या डार्डनेल्स सामुद्रधुनीच्या मोहिमेत. विमान नेणारे जहाज होते बेन-माय-क्री, आयल ऑफ मॅनला जाणारी जुनी वेगवान आगबोट, विमान अर्थातच शॉर्ट १८४. १४ इंची टॉर्पेडोचे वजन ३६५ किलोच्या आसपास. तो पोटाखाली लावला की विमान पाण्यातून उठणे मुश्कील, म्हणून निरीक्षकाला मागे ठेवले आणि पेट्रोलही कमी घेतले. एडमंड्स एकटेच बुलायरची चिंचोळी भूमी ओलांडून मार्मारा समुद्रात गेले आणि पाण्यापासून सुमारे १५ फुटांवर येऊन एका तुर्की जहाजावर टॉर्पेडो सोडला. तो बरोबर लागला. नंतर कळले की त्या जहाजाला आधीच एका ब्रिटिश पाणबुडीने जायबंदी केले होते आणि ते उथळ पाण्यात टेकवलेले होते. म्हणून काही जण या पराक्रमाला पहिलेपणाचा मान द्यायला कचरतात. पाच दिवसांनी एडमंड्सनी दुसऱ्या जहाजाचा वेध घेऊन तोही आक्षेप निकालात काढला.

त्याच १७ ऑगस्टला जॉर्ज डेकर यांनी जे केले ते मला अधिक थरारक वाटते. इंजिन बिघडल्याने त्यांना शत्रूच्या हद्दीतच पाण्यावर उतरावे लागले. विमान काही उठेना. तेव्हा त्यांनी ते होडीसारखे पाण्यावरून चालवत नेले, एक तुर्की टग बोट दिसली तिच्यावर टॉर्पेडो सोडला आणि ती बुडवली. टॉर्पेडोचे ओझे उतरताच विमान हलके झाले. किनाऱ्यावरून गोळ्या येत असताना लांबलचक धाव घेऊन ते हवेत उठले आणि डेकर परतले.

जटलंडच्या लढाईत विमान होते हे खरे का?

खरे, आणि एकच. जटलंड ही उत्तर समुद्रात ब्रिटिश आणि जर्मन आरमारांत झालेली मोठी लढाई. ३१ मे १९१६ रोजी दुपारी ब्रिटिश ॲडमिरल बिटींनी एंगाडिनला टेहळणीचा हुकूम दिला. शॉर्ट १८४, क्रमांक ८३५९, शेडमधून बाहेर काढून हवेत उठवायला २१ मिनिटे लागली. ही त्या काळच्या मानाने चपळाई होती. वैमानिक फ्रेडरिक रटलंड, निरीक्षक ट्रेविन. ट्रेविन हे मुळात पगार-हिशेब खात्यातले असिस्टंट पेमास्टर. निरीक्षकांची स्वतंत्र घडण तेव्हा नुकतीच सुरू होत होती, म्हणून कुठल्याही खात्यातला हुशार माणूस या जागेवर बसे.

ढग खाली आले होते. जहाजे दिसावीत म्हणून रटलंडना हजार फुटांच्या आसपासच राहावे लागले, म्हणजे जर्मन तोफांच्या ऐन टप्प्यात. जर्मन क्रूझर आणि विनाशिका दिसल्या, त्यांनी दिशा बदललेली दिसली आणि ट्रेविन बिनतारी संदेश पाठवत राहिले. एवढ्यात पेट्रोलची नळी तुटली. रटलंडनी विमान पाण्यावर उतरवले, रबरी नळीचा तुकडा लावून तिथल्या तिथे दुरुस्ती केली आणि आपण पुन्हा उडायला तयार आहोत असे कळवले. पण त्यांना परत जहाजावर घेण्यात आले.

संदेशांचे काय झाले? ते एंगाडिनपर्यंत पोहोचले. तिथून बिटींच्या लायन या युद्धनौकेला दिव्यांनी कळवायचा प्रयत्न झाला, तो साधला नाही. वरून जे दिसले ते ज्याला कळायला हवे होते त्याला कळलेच नाही. जटलंडचा हा तपशील मला फार चटका लावतो, कारण विमानाने आणि माणसांनी आपले काम चोख केले होते.

दुसऱ्या दिवशी एंगाडिनने मोडकळीला आलेली क्रूझर वॉरियर ओढून नेली आणि शेवटी तिच्यावरची माणसे आपल्यावर घेतली. एक जखमी खलाशी दोन जहाजांच्या फटीत पडला, तेव्हा रटलंडच दोर घेऊन खाली उतरले. त्याबद्दल त्यांना अल्बर्ट पदक मिळाले.

विमानात कोण कोण असे? अंगावर काय घालत?

सीप्लेनमध्ये दोघे, वैमानिक आणि निरीक्षक. निरीक्षकाकडे नकाशा, होकायंत्र, बिनतारी यंत्र, बहुधा लुईस मशीनगन आणि निरोप नेणाऱ्या कबुतरांची टोपली. एफ.२ए फ्लाइंग बोटीत साधारण चौघे: दोन वैमानिक, एक बिनतारी यंत्रवाला, एक इंजिनवाला. लढाई जुंपली की हाताला मिळेल ती मशीनगन ज्याची त्याने धरायची.

बसायची जागा उघडी. समोर छोटीशी काच, वरून वारा आणि खारे तुषार. कातडी कोट, लोकरीचे थरावर थर, फरचे हातमोजे, गॉगल. त्यावर गीव्ह कंपनीची फुगवता येणारी बंडी, जी बुडताना तोंडाने फुंकून फुगवायची. चार-पाच तासांच्या गस्तीनंतर बोटे इतकी बधिर होत की पट्टे सोडायलाही दुसऱ्याची मदत लागे.

आणि किनाऱ्यावरचे लोक विसरू नका. फेलिक्सस्टोसारख्या तळावर एक फ्लाइंग बोट उतरणीवरून पाण्यात नेताना कंबरभर थंड पाण्यात शिरलेली माणसे असत. मिठाने गंजणाऱ्या तारा घासणे, फुगलेले लाकूड बदलणे, इंजिने उतरवून पुन्हा बसवणे हे काम दिवसरात्र चाले. पदके त्यांच्या वाट्याला क्वचितच आली.

पाण्यात उतरावे लागले आणि उडता आले नाही तर?

तर वाट पाहायची. बिनतारी यंत्राची तार विमानाखाली लोंबत असे; पाण्यावर टेकल्यावर ती निकामी. इंजिन बंद म्हणजे यंत्राला वीज नाही. उरायची ती कबुतरे.

५ सप्टेंबर १९१७ ची गोष्ट सांगतो. ग्रेट यार्मथहून एक कर्टिस एच-१२ फ्लाइंग बोट, क्रमांक ८६६६, आणि एक डीएच.४ विमान झेपेलिनच्या मागावर हॉलंडच्या किनाऱ्याकडे गेले. डीएच.४ चे इंजिन बंद पडून ते समुद्रात कोसळले. समुद्र खवळलेला होता. तिथे उतरलो तर पुन्हा उठता येणार नाही हे फ्लाइंग बोटीचे वैमानिक रॉबर्ट लेकी यांना पक्के ठाऊक होते. तरी ते उतरले आणि त्या दोघांना वर घेतले. आता एका गळक्या लाकडी होडीत सहा माणसे, किनारा दूर आणि चार कबुतरे.

त्यांनी पाण्यावरूनच बोट इंग्लंडच्या दिशेने चालवली, पेट्रोल संपेपर्यंत. मग लाटांनी एका बाजूचा पंखाखालचा फ्लोट तोडला. तो पंख पाण्यात जाऊ नये म्हणून दुसऱ्या पंखावर आळीपाळीने एकाने जाऊन पडून राहायचे, असा नेम ठरला. बाकीच्यांनी पाणी उपसायचे. प्यायला पाणी नव्हते. इंजिनांच्या रेडिएटरमधले गंजकट पाणी थोडे थोडे घेतले. कबुतरे एकेक करून निरोपासह सोडली. त्यातले एक वाऱ्याविरुद्ध उडत किनाऱ्यापर्यंत आले आणि तिथेच मरून पडले. निरोप त्याच्या पायाला होता. ८ सप्टेंबरला एचएमएस हॅल्सियनला ती होडी सापडली, सहाही जण जिवंत. त्या पक्ष्याला पेंढा भरून ठेवण्यात आले आणि खाली पितळी पट्टीवर ‘अतिशय शूर सद्गृहस्थ’ अशा अर्थाचे शब्द कोरले गेले.

सगळ्यांच्या नशिबी हॅल्सियन आली नाही. कितीतरी विमाने सकाळच्या गस्तीला गेली आणि ‘परतले नाही’ एवढीच त्यांची नोंद उरली.

पाणबुड्या किती बुडवल्या?

फार थोड्या. त्या वेळी केलेल्या बऱ्याच दाव्यांवर नंतर जर्मन नोंदी तपासल्यावर काट मारावी लागली. २२ सप्टेंबर १९१७ रोजी बुडालेली यूबी-३२ ही विमानाच्या खात्यावर मांडली जाते; बाकीच्यांचा हिशेब डळमळीत आहे.

पण हा प्रश्नच अपुरा आहे. त्या काळची पाणबुडी बहुतेक प्रवास पाण्यावर राहून, डिझेलवर करायची. पाण्याखाली बॅटरीवर तिचा वेग माणसाच्या चालण्याइतका मंद आणि पल्ला फारच थोडा. वर विमान घिरट्या घालत असेल तर ती खालीच दबून राहते, जहाजांचा पाठलाग करू शकत नाही, हल्ल्याची जागा गाठू शकत नाही. एप्रिल १९१७ मध्ये फेलिक्सस्टोहून ‘कोळ्याचे जाळे’ नावाची गस्त सुरू झाली. उत्तर समुद्रातली नॉर्थ हिंडर दीपनौका मधोमध धरून नकाशावर साठ मैल व्यासाचा अष्टकोन काढला, मध्यातून आठ दिशांना रेषा आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या रेषा. त्या रेषांवरून फ्लाइंग बोटी फिरायच्या. सुमारे चार हजार चौरस मैलांचा पट्टा. पाण्यावरून जाणाऱ्या पाणबुडीला तो ओलांडायला दहा तास लागत, म्हणजे कुणाच्या तरी नजरेला पडण्याची पुरेपूर शक्यता.

या बोटींमागे एक माणूस होता, जॉन सिरिल पोर्ट. क्षयामुळे आरमारातून निवृत्त व्हावे लागलेला हा अधिकारी युद्धाआधी अमेरिकेत ग्लेन कर्टिस यांच्याबरोबर अटलांटिक ओलांडण्याच्या तयारीत होता. युद्ध पेटताच तो परतला, कर्टिसच्या बोटी आरमाराला घ्यायला लावल्या आणि त्यांचे कच्चे धड पुन्हा पुन्हा बदलत फेलिक्सस्टोला स्वतःची मालिका तयार केली. एफ.२ए हे तिचे सर्वांत यशस्वी रूप: रोल्स-रॉइसची दोन ईगल इंजिने, ९५ फुटांचे पंख, प्रत्येकी शंभर किलोहून जड असे दोन बॉम्ब आणि चार ते सात मशीनगन. पोर्ट १९१९ मध्ये क्षयानेच गेले.

आरमाराला जमिनीवरची बॉम्बर विमाने कशाला हवी होती?

कारण समुद्रावरच्या शत्रूचे घर जमिनीवर असते. शिवाय सप्टेंबर १९१४ पासून ब्रिटनच्या हवाई संरक्षणाची जबाबदारीच आरमाराकडे आली होती आणि झेपेलिन हवेत गाठण्यापेक्षा शेडमध्ये जाळणे सोपे होते. ८ ऑक्टोबर १९१४ रोजी रेगी मॅरिक्स यांनी अँटवर्पहून सोपविथ टॅब्लॉइडमधून जाऊन डुसेलडॉर्फच्या शेडमध्ये झेड-नऊ हे झेपेलिन जाळले. नोव्हेंबरमध्ये तीन ॲव्हरो ५०४ विमाने फ्रान्समधल्या बेलफोर्टहून थेट झेपेलिनच्या जन्मगावी, फ्रीड्रिखशाफेनला जाऊन आली. एक वैमानिक शत्रूच्या हाती लागला.

मोठी विमाने पुढे आली. हँडली पेज ओ/१०० चे पहिले उड्डाण डिसेंबर १९१५ मध्ये झाले. दोन ईगल इंजिने, शंभर फूट पंख, पन्नास किलोचे सोळा बॉम्ब. डंकर्कजवळच्या कूडकर्क तळावरून ती रात्री निघत आणि ब्रूज, ऑस्टेंड, झेब्रुगे इथल्या पाणबुड्यांच्या गोद्यांवर बॉम्ब टाकत. पाणबुडी समुद्रात हुडकण्यापेक्षा तिच्या धक्क्यावर जाणे, हा त्यामागचा विचार.

एक ओ/१०० तर इंग्लंडहून टप्प्याटप्प्याने एजियन समुद्रातल्या मुद्रोसला उडवत नेले होते. ९ जुलै १९१७ च्या रात्री केनेथ सेव्हरी यांनी ते कॉन्स्टँटिनोपलवर नेले. लक्ष्य होते जर्मन युद्धनौका गोबेन. तिला धक्का लागला नाही, पण शेजारची तुर्की विनाशिका यादिगार-इ-मिल्लेत बुडाली. पुढे सप्टेंबरअखेर हेच विमान जॉन अल्कॉक चालवत असताना इंजिनाच्या बिघाडाने समुद्रात उतरले आणि ते तुर्कांचे कैदी झाले. १९१९ मध्ये न थांबता अटलांटिक ओलांडणाऱ्या जोडीतले अल्कॉक ते हेच.

व्हिक्टोरिया क्रॉस कुणाला मिळाला?

व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक. ते मिळालेल्या दोघांच्या कथा सांगतो. रेक्स वॉर्नफर्ड यांचा जन्म दार्जिलिंगचा. ७ जून १९१५ च्या पहाटे एका लहानशा मोरान विमानातून त्यांनी घेंटच्या आकाशात एलझेड-३७ या झेपेलिनच्या वर जाऊन बॉम्ब टाकले. हवेत पाडलेले हे पहिले झेपेलिन. स्फोटाने त्यांचेच विमान उलटेपालटे झाले आणि पेट्रोलची नळी तुटली. अंधारात शत्रूच्या मुलखात उतरून त्यांनी नळी दुरुस्त केली, इंजिन स्वतःच चालू केले आणि परत आले. दहा दिवसांनी पॅरिसजवळ विमान अपघातात ते गेले. वय अवघे २३.

रिचर्ड बेल डेव्हिस यांची गोष्ट १९ नोव्हेंबर १९१५ ची, बल्गेरियातल्या फेरिजिक रेल्वे जंक्शनवरची. त्यांचे सहकारी स्मायली यांचे विमान गोळ्या लागून खाली उतरले. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून स्मायलींनी ते पेटवले. इतक्यात त्यांना दिसले की डेव्हिस आपल्याला न्यायला उतरत आहेत, आणि जळत्या विमानात एक न सुटलेला बॉम्ब आहे. तो डेव्हिस जवळ आल्यावर फुटू नये म्हणून स्मायलींनी धावत जाऊन पिस्तुलाने तो आधीच उडवला. डेव्हिसनी एकट्याच्या विमानात त्यांना कोंबून बसवले आणि बल्गेरियन सैनिक धावत येत असताना उड्डाण केले. क्रॉस डेव्हिसना मिळाला. स्मायलींची ती गोळी मला तितकीच मोलाची वाटते.

या सगळ्याचा महाराष्ट्राशी काही संबंध?

आहे, आणि तो दुःखाचा आहे. मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा इथे ७ डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकलेले सैन्य म्हणजे सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फंट्री तसेच ११७ वी मराठा पलटण होती. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची माणसे तैग्रिसच्या काठी उपाशी लढत होती. एप्रिल १९१६ मध्ये लष्कराची विमाने आणि आरएनएएसची शॉर्ट सीप्लेन यांनी वरून धान्याची पोती टाकायला सुरुवात केली. सीप्लेनना नदी हीच धावपट्टी. वेढ्यातल्या सैन्याला असे हवेतून अन्न पुरवण्याचा हा जवळजवळ पहिलाच मोठा प्रयत्न. पण गरज होती रोज दोन टनांहून अधिक धान्याची, आणि दोन आठवड्यांत मिळून पडले सात-आठ टन. काही पोती नदीत गेली, काही तुर्की खंदकांत. २९ एप्रिलला सैन्याने शस्त्रे ठेवली आणि त्यापुढच्या कैदेत हजारो मेले. विमानांची संख्या आणि ताकदच तोकडी होती; उडवणाऱ्यांनी कसूर केली नाही.

मुंबईचाही एक धागा आहे. १९१७ च्या फेब्रुवारीत वोल्फ या जर्मन जहाजाने मुंबईबाहेर सुरुंग पेरले. त्यांतल्याच एका सुरुंगाने २३ जून १९१७ रोजी पी अँड ओ कंपनीची मंगोलिया ही आगबोट बुडाली. वोल्फवर ‘वोल्फशेन’ नावाचे स्वतःचे सीप्लेन होते. आधी तेच हेरून येई. त्याला शोधायला ब्रिटिश सीप्लेनवाहू रेव्हन-दोन हे जहाज लखदीव-मालदीवच्या समुद्रात फिरले, पण वोल्फ हाती लागले नाही.

आरएनएएसमध्ये मराठी वैमानिक होते का, असेही विचारतात. त्या युद्धात लढाऊ विमान उडवलेले जे भारतीय प्रसिद्ध आहेत ते लष्कराच्या रॉयल फ्लाइंग कोअरमधले. त्यांत मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर होते. सोपविथ डॉल्फिन विमान पाडले जाऊन ते जखमी अवस्थेत जर्मनांच्या हाती पडले आणि ३० जून १९१८ रोजी वारले. त्यांचे नाव आपल्याकडे शाळेतल्या मुलांना माहीत असायला हवे.

मग सीप्लेन मागे का पडली?

फ्लोटचे वजन आणि अडथळा कायमचा. चाकांच्या विमानापुढे ती संथ आणि उंचीला कमी. आणि जहाज थांबवण्याची कटकट. २ ऑगस्ट १९१७ रोजी एडविन डनिंग यांनी स्कापा फ्लो या स्कॉटलंडमधल्या आरमारी तळावर चालत्या एचएमएस फ्युरियसच्या डेकवर सोपविथ पप उतरवले; सहकाऱ्यांनी धावत जाऊन विमानाचे पट्टे पकडले. पाचच दिवसांनी पुन्हा तसेच करताना ते समुद्रात पडून मरण पावले. पण वाट सापडली होती. १९ जुलै १९१८ रोजी फ्युरियसवरून निघालेल्या सात सोपविथ कॅमलनी तेव्हा जर्मनीत असलेल्या टोंडर्नच्या शेडमध्ये दोन झेपेलिन जाळली. कुक्सहाफेनला जे जमले नव्हते ते चाकांच्या विमानांनी केले.

१ एप्रिल १९१८ ला काय झाले?

आरएनएएस आणि रॉयल फ्लाइंग कोअर एकत्र करून रॉयल एअर फोर्स बनवले गेले. आरमाराची सुमारे ५५ हजार माणसे आणि जवळपास तीन हजार विमाने एका रात्रीत परकी झाली. टोंडर्नचे वैमानिकही कागदोपत्री नव्या दलाचे. आरमाराला आपली विमाने पूर्णपणे परत मिळाली ती १९३९ मध्ये, पुढच्या युद्धाच्या तोंडावर. मधल्या वीस वर्षांत आरमारी विमानांची जी आबाळ झाली तिची किंमत दुसऱ्या महायुद्धात मोजावी लागली, असे माझे ठाम मत आहे.

आज यातले काय पाहायला मिळते?

इंग्लंडमध्ये सॉमरसेट परगण्यातल्या योव्हिल्टनच्या फ्लीट एअर आर्म संग्रहालयात जटलंडच्या ८३५९ चे पुढचे धड आहे. १९४० मध्ये लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये असताना जर्मन बॉम्बने त्याचे नुकसान झाले. जेवढे उरले तेवढे तसेच ठेवले आहे. हे विमान बांधले होते वेस्टलँड कंपनीने योव्हिलला, संग्रहालयापासून काही मैलांवर. ग्रेट यार्मथचे ते कबूतर लंडनला हेंडनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयाकडे आहे. मेसोपोटेमियात गेलेल्या पलटणींच्या वारशाबद्दल जाणून घ्यायचे असेल तर बेळगावचे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्याला जवळचे आहे.